वहीत न लिहिलेले कुत्रे

आमच्या कुत्र्याचं मझल मी रोज सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडलो की काढायचो आणि परत येताना गेटच्या अलीकडे पुन्हा चढवायचो. चार महिने हे चाललं होतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझी बाजू घ्यावीशी वाटणार नाही.

मझल म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर बांधायची जाळी. तिच्यातून त्याला श्वास घेता येतो, पाणी पिता येतं, चावता मात्र येत नाही. ती घातलेला कुत्रा घेऊन आपण चालायला लागलो की लोक आधी कुत्र्याकडे बघतात, मग आपल्याकडे, आणि दोन्हीकडे सारख्याच नजरेने. मला ती नजर नको होती. बायकोला मी सांगायचो की त्याला गरम होतं, तो तोंड घासतो, मला बघवत नाही. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण ती नजर होती.

कुत्रा तेव्हा पाच वर्षांचा होता. बत्तीस किलो वजन, अंगाने काळा, छातीवर पांढरा ठिपका. मुलगी कॉलेजात असताना तिने पिल्लू आणलं, पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तो आमच्याकडे राहिला. घरात त्याच्यासारखं गरीब जनावर नव्हतं. बायको भाजी निवडायला बसली की तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडायचा. माणसांवर तो कधी गुरगुरलासुद्धा नाही. पण दुसरा कुत्रा दिसला की तो आमचा राहायचा नाही. तो लहान असताना त्याला घेऊन मानपाड्याला माझ्या मेहुण्याकडे गेलो होतो, तिथे दोन मोठ्या कुत्र्यांनी त्याला भिंतीशी गाठून फोडला होता. तेव्हापासून ते सुरू झालं, असं आम्ही म्हणतो. नक्की कोणाला माहीत.

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर बी विंगमधलं पांढरं छोटं कुत्रं होतं, त्या दिवशी आमच्याने त्याचा कान फाडला. टाके पडले. कमिटीने मला बोलावलं आणि मी एका कागदावर सही केली, की आवारात कुत्र्याला कायम मझल असेल आणि पुन्हा असा प्रकार झाला तर कुत्रा सोसायटीत ठेवणार नाही. त्या सहीनंतर मी ठाण्याहून एक ट्रेनर बोलावली. तिशीतली बाई, कमी बोलणारी. दर दुसऱ्या रविवारी यायची आणि कुत्र्याइतकंच मलाही शिकवायची.

"काका, भुंकायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो," ती म्हणाली होती. "त्याचं तोंड बघत राहा. उघडं आहे, जीभ बाहेर आहे, तोवर तो तुमचा आहे. तोंड मिटलं, कान पुढे आले की लगेच यू-टर्न. दुसरं काही करायचं नाही."

"आणि ओढलं तर?"

"ओढायची वेळ आली तर तुम्ही आधीच चुकलात."

तिने मला एक वही घालायला लावली. रोज फिरून आलं की लिहायचं: कुठे, कोणता कुत्रा दिसला, किती पावलांवर असताना तोंड मिटलं, मी वळलो की नाही. त्या वहीवरून ती पुढचे पंधरा दिवस ठरवायची. मी ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे, नोंदी ठेवणं मला जमतं आणि आवडतंही. लाल शाईने तारीख, निळ्याने मजकूर. बी विंगचं पांढरं, चाळीस पावलं, वळलो. डी विंगचा लॅब्रॅडोर, पस्तीस, वळलो. दोन महिन्यांत चाळीसाचे पंचवीस झाले. ट्रेनर वही बघून मान हलवायची आणि मला शाळेतल्यासारखा आनंद व्हायचा.

त्या वहीत जे नव्हतं ते आता सांगतो. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या मागे कोपरच्या बाजूला एक बैठी चाळ आहे. पुढच्या रस्त्यावर सोसायटीचे सगळे कुत्रेवाले फिरतात. तिथे आमच्याकडून पुन्हा काही झालं असतं तर सेक्रेटरीच्या घरी फोन गेला असता. म्हणून फेरीतला थोडाच भाग मी पुढच्या रस्त्यावर वहीसाठी करायचो, आणि बाकीचा मागच्या गेटने चाळीच्या गल्लीत. तिथे चार कुत्रे होते. त्यांच्यापाशी आमचा रोज भडकायचा, मी रोज ओढायचो. पण वहीत मी त्यांना कधी लिहिलं नाही. त्यांना फ्लॅट नंबर नव्हता. चाळीतलं कोणी आमच्या गेटवर तक्रार घेऊन येणार नाही, हे मला माहीत होतं. का माहीत होतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही. केला असता तर स्वतःबद्दल काही गोष्टी कबूल कराव्या लागल्या असत्या.

दारात दात घासत उभे असलेले लोक बघायचे. मी म्हणायचो, "काही करत नाही तो."

"काय करत नाही, तर मग तुम्ही का वो असे लटकताय त्याला?" रिक्षा चालवणारा एक जण एकदा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

गल्लीच्या टोकाच्या खोलीत एक बाई एकट्या राहायच्या. महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या, निवृत्त झालेल्या. दारावर बुद्धाची छोटी तसबीर, बाजूला तुळशीऐवजी कोरफडीच्या दोन कुंड्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. चारही कुत्र्यांना सकाळी भात त्याच घालायच्या. त्यांतली एक तांबडी म्हातारी कुत्री त्यांच्या पायरीवर गोणपाटावर झोपलेली असायची. मावशी तिला हाक मारत नसत. जमिनीवर पाय आपटायच्या, मग ती उठायची. मला वाटायचं, ही त्यांची लकब असेल.

थंडीचे दिवस होते. सकाळचे साडेसहा-पावणेसात. मझल माझ्या हातातल्या कापडी पिशवीत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी उशिरा येणार असल्याचा मेसेज आला होता, तो मी चालता चालता वाचत होतो. लीश, म्हणजे पट्ट्याची दोरी, दोन्ही हातांनी धरायची असं ट्रेनरने बजावलं होतं. ती एका हाताच्या बोटांत होती.

मोबाइलवरून माझी नजर वर गेली तेव्हा त्याची जीभ आत गेलेली होती. तोंड मिटलेलं, कान पुढे. म्हातारी पंधराएक पावलांवर पायरीवरून उठत होती, आधी पुढचे पाय, मग थांबून मागचे. वळायला वेळ होता. हे मी नंतर खूप दिवस कोणालाच सांगितलं नाही. मी ते मिटलेलं तोंड पाहिलं, त्याचा अर्थ मला कळला, आणि आता वळतोच म्हणून मी मेसेजची शेवटची ओळ वाचली.

तो भुंकला नाही. लीश बोटांतून गेली, बोटं सोलली. त्याने तिला मानेला धरलं आणि हलवलं. आवाज फक्त तिचा होता, तोही फार वेळ नाही. मी त्याचे मागचे पाय धरून ओढत होतो, त्यामुळे तीही ओढली जात होती. मावशी बाहेर आल्या आणि सरळ खाली बसून त्याच्या जबड्यात बोटं घालू लागल्या. मी ओरडलो की हात घालू नका. रिक्षावाल्याने पिंपातून बादली भरून त्याच्या तोंडावर ओतली. दुसरी बादली नाकात गेली तेव्हा त्याने सोडलं.

"ही अशी अंगावर कशी काय येते एकदम?" मी म्हणालो. "माझा गप चालला होता."

माझ्या तोंडून हेच पहिलं वाक्य निघालं. मावशींनी खालूनच माझ्याकडे पाहिलं.

"ही? हिला ऐकायलासुद्धा येत नाही, भाऊ. उठत होती ती."

मी त्याच्या पट्ट्यात हात घालून त्याला मागे ओढलं.

"आणि जाळी कुठंय त्याची? तुमच्या गेटमधून निघतो तेव्हा असते तोंडाला."

"आज घरी राहिली," मी म्हणालो. पिशवी माझ्या मनगटावर लटकत होती.

मी म्हणालो की याला घरी सोडून लगेच येतो, आपण डॉक्टरकडे जाऊ. घरी गेलो, त्याला बाथरूममध्ये घेतलं आणि धुतलं. छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्यातून गुलाबी पाणी बराच वेळ निघत होतं. बायको दारात उभी राहून विचारत होती, काय झालं, कोणाचं रक्त आहे. मी तिलाही तेच सांगितलं, की चाळीतली कुत्री अंगावर आली. मग चहा घेतला. परत गेलो नाही. मावशी तिला जुन्या साडीत गुंडाळून रिक्षाने पूर्वेला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, हे मला नंतर कळलं.

मला भीती वाटत होती ती त्या कागदाची. पुन्हा असा प्रकार झाला तर कुत्रा ठेवणार नाही. चाळीतून कोणी काही बोलायच्या आत आपण बोललं पाहिजे, असं माझ्या डोक्याने घेतलं. ऑफिसला निघण्यापूर्वी मी ग्रुपवर लिहिलं: मागच्या चाळीतल्या भटक्या कुत्र्यांनी आज आमच्या कुत्र्यावर हल्ला केला. कृपया लहान मुलांना त्या बाजूला पाठवू नये. लहान मुलांचं का लिहिलं, तर त्याशिवाय कोणी लक्ष देणार नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत त्याखाली पन्नासेक उत्तरं आली होती. लोक आमच्या कुत्र्याची चौकशी करत होते.

चौथ्या दिवशी भाजीच्या गाडीवर रिक्षावाला भेटला.

"गेली ती काल," तो म्हणाला. "मानेत पू झालेला." मग माझ्या पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे पाहून म्हणाला, "आता घातली वाटतं जाळी."

पुढचं मी थांबवू शकलो असतो, रोज. आमच्या मागच्या गेटमधून चाळीतल्या लोकांना स्टेशनकडे जायची वाट आहे. जागा सोसायटीची, पण वर्षानुवर्षं सगळे तिथून जातात. कमिटीने निरोप पाठवला की कुत्र्यांना खायला घालणं बंद झालं नाही तर गेटला कुलूप लागेल. मग मावशींना समजवायला आमच्यापैकी कोणाला जावं लागलं नाही. त्यांच्या चाळीतलेच लोक त्यांच्या दारात जाऊन बसले. कुलूप लागलं तर शाळेच्या पोरांना केवढा वळसा पडेल, हे त्यांनी त्यांना सांगितलं.

रविवारी क्लब हाउसमध्ये मीटिंग झाली. मावशी आल्या, धुवट पांढरी साडी नेसून. मावशींच्या सहीसाठी तयार केलेला कागद सेक्रेटरीने वाचून दाखवला, की मी यापुढे गल्लीत किंवा आवाराजवळ भटक्या कुत्र्यांना अन्न देणार नाही. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे, असंही त्यात होतं. मी तिसऱ्या रांगेत होतो. शेजारच्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बरा आहे ना आता तुमचा?" मी हो म्हणालो.

मावशींनी चष्मा लावून कागद स्वतः पुन्हा वाचला. दिलगीर या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या बोलल्या असत्या तर मी नाकारलं असतं, हेही मला माहीत होतं. त्यांनी सही केली, पूर्ण नाव, सावकाश, शाळेतल्यासारखं. आणि गेल्या.

राहिलेल्या तिघांपैकी एक पुढच्या रस्त्याला कचऱ्याच्या ढिगावर दिसायला लागली. एक दिसेनासा झाला. तिसरी सकाळी मावशींच्या बंद दारासमोर येऊन बसायची आणि ऊन चढलं की उठून जायची. ते मला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.

ट्रेनरला मी तेच सांगितलं होतं जे सगळ्यांना, वर चाळीतला तो कुत्रा नंतर मेला एवढंच. ती म्हणाली, मग तो घाबरलेला असणार, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, त्याला लांबून कुत्रे दाखवू, भरपूर खायला देऊ. दोन रविवार तसं केलं. आमचा घाबरलेला नव्हताच. उलट आता पन्नास पावलांवरच त्याचं तोंड मिटायला लागलं होतं. तिसऱ्या रविवारी ती आमच्या सोफ्यावर बसून वही मागून पुढे आणि पुढून मागे चाळत राहिली.

"काका, एक विचारू? चार महिन्यांत तुम्हाला रस्त्यावरचा एकही कुत्रा दिसला नाही? डोंबिवलीत?"

मी टीपॉयवरचा पेपर उचलून त्याची घडी घालायला लागलो.

"एकच दिसला. आणि तो मेला?"

बायको चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

"मला तुमच्या भांडणाशी काही घेणं नाही," ट्रेनर म्हणाली. "पण मी वहीवरून काम करते. वहीत खोटं असेल तर मी त्याला खोटं शिकवते. आधी कोण आलं अंगावर?"

मी सांगितलं. गल्लीचं, रोजच्या ओढण्याचं, पिशवीतल्या मझलचं. मिटलेलं तोंड पाहूनही वाचलेल्या त्या ओळीचंही सांगितलं. सांगताना मी दोघींकडेही बघितलं नाही. बोलून झालं तेव्हा बायकोने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि आत गेली. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "त्या बाईंना सही करताना बघून आलात आणि घरी येऊन जेवलात तुम्ही."

ट्रेनरने जाण्यापूर्वी दुसरी एक गोष्ट सांगितली. रोज भडकू दिलं, रोज ओढलं, तर कुत्रा तेच शिकतो. चार महिने मी पुढच्या रस्त्यावर त्याला शांत राहायला शिकवत होतो आणि मागच्या गल्लीत मारायला. "तो बिघडलेला नाही काका," ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही शिकवलंत, तो दोन्ही नीट शिकला."

त्याच आठवड्यात मी मावशींकडे गेलो. दार उघडंच होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. या बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मावशी, मला माफ करा."

त्यांनी निवडलेले खडे एका बाजूला सारले.

"मला काय सांगताय? मी बघितलंय ना."

"तरी पण."

"पुतण्या म्हणत होता, पोलिसात जाऊ. मी म्हटलं, कोण ऐकणार. माझी म्हातारी गेली ती गेली. पण त्या कागदावर काय लिहिलंय, भाऊ? मी दिलगीर आहे. मी कशाची दिलगीर?"

मी दाराची चौकट धरली.

"सही मी सगळ्यांसमोर केली," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या दारात येऊन हळू आवाजात बोलताय. हे इथलं मी ऐकलं नाही, असं समजा."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती बराच वेळ कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. दोघांनाही माहीत होतं की मी तोंड उघडलं तर माझ्या सहीचा तो जुना कागद निघणार. मी म्हणालो, कमिटीने काढण्यापेक्षा आपणच नेलेला बरा. ट्रेनर ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी राहते, तिच्याकडे दुसरा कुत्रा नाही. तिला फोन केला. ती म्हणाली, ठेवते, पण परत कधी देईन ते आत्ता सांगणार नाही, आणि देईनच असंही नाही. त्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती, तिच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं त्याला घेऊन गेलो. तो तिच्या दारात तिला ओळखून शेपटी हलवत आत गेला आणि आम्हीही आत येतोय असं समजून पुढे चालत राहिला. ट्रेनरने दार लावून घेतलं. आम्ही बसस्टॉपवर बसलो, दोन बस सोडल्या.

रविवारच्या मीटिंगला मावशींना मी स्वतः बोलवायला गेलो होतो. येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या, बरोबर रिक्षावाला आणि आणखी दोन बायका. विषयपत्रिकेत पाण्याच्या टाकीचं काम होतं. सेक्रेटरी मला हळूच म्हणाला, "अहो, मिटलंय ते आता. कशाला उकरून काढता? तुमचंच नुकसान होईल." मी उठून पुढे गेलो. लिहून नेलेला कागद खिशातच राहू दिला.

मी म्हणालो, "मागच्या महिन्यात मी ग्रुपवर लिहिलं ते खोटं होतं. चाळीतला कोणताही कुत्रा आमच्या कुत्र्याच्या अंगावर आला नाही. आमच्या कुत्र्याने ह्यांच्या म्हाताऱ्या, बहिऱ्या कुत्रीला मारलं. मझल मी काढलं होतं, रोज काढायचो. तो झेप घेणार हे मला दिसलं होतं आणि मी मोबाइल वाचत राहिलो. ह्या तिला घेऊन डॉक्टरकडे गेल्या, मी घरी बसलो. मग तुम्हाला सगळ्यांना घाबरवलं आणि ह्यांच्याकडून न केलेल्या गोष्टीची माफी लिहून घेतली गेली, तेव्हा मी तिथे तिसऱ्या रांगेत बसून होतो. तो कागद फाडावा आणि ह्यांना पूर्वीसारखं खायला घालू द्यावं, ही विनंती आहे. कुत्रा काल ठाण्याला सोडून आलोय." मग मी मावशींकडे वळलो. त्या भिंतीपाशी बसल्या होत्या, चष्मा हातात धरून. "मावशी, तुमची कुत्री माझ्यामुळे गेली आणि वर तुम्हालाच मी खोटं पाडलं. दिलगीर मी आहे. मला माफ करा."